बिनटोकाची जळू

अण्णा कॅम्लूप्सला आले तो मे महिना होता. डोंगरावरच्या तळ्यांचं बर्फ नुकतंच फुटलं होतं आणि जेवणाच्या टेबलाच्या कडेला बसवलेल्या व्हाइसमध्ये गळ अडकवून मी रोज रात्री जळवा बांधत होतो. खऱ्या नव्हेत, पिसांच्या. इकडच्या तळ्यांत काळ्या, तपकिरी, मरून जळवा भरपूर. त्यांतल्या कित्येक रक्त पीत नाहीत, पाण्यातले बारके जीव खातात. आणि रेनबो ट्राउट त्यांना खातो. म्हणून गळाला जळूचं सोंग द्यायचं.

अण्णांचं आयुष्य पाटणला शिलाई मशीनवर गेलं. गळ्यात तुळशीची माळ. जळू त्यांना ठाऊक होती ती भाताच्या खाचरातली, पोटरीला चिकटणारी. ‘ही कुणी हौसेनं बांधतं व्हय?’ म्हणून हसले. मग त्यांना माझं बॉबिन दिसलं आणि ते खुर्ची ओढून बसले.

आधी पितळी मणी गळात ओवून नेढ्यापर्यंत सरकवायचा. दोऱ्याचे वेढे घालत मागे यायचं. शेपटीला मॅराबूचा झुबका, गळाच्या दांडीएवढा लांब. मॅराबू हे नाव एका करकोच्याचं, पण हल्ली ही पिसं टर्कीची असतात. मग अंगाला मोहेरची लोकर गुंडाळायची, मण्यामागे गाठ मारायची आणि जुन्या टूथब्रशने लोकर विंचरायची. हिची प्रसिद्ध बहीण म्हणजे वूली बगर, १९६७ साली पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंग यांनी बांधलेली. तीही मॅराबूच्या शेपटीवरच जगते. दोर ओढून थांबलं की मण्याच्या वजनाने डोकं खाली जातं, शेपूट वर उठते. पुन्हा ओढलं की अंग सरळ. खरी जळू अशीच लाटेसारखी पोहते.

माझ्या शेपट्या जाड व्हायच्या. अण्णांनी एक पेल्यात बुडवून पाहिली. ‘जाड कापडाला पडता येत न्हाई,’ म्हणाले, आणि पुढच्या जळूसाठी चिमटीत घेतलेलं निम्मं पीस काढून टाकलं. उरलेलं पाण्यात बोटाच्या नुसत्या धक्क्याने हललं. सहा वर्षं मी हे करतोय.

दोरा मात्र त्यांच्याही हातून दोनदा तुटला. गळाच्या टोकाला घासून तुटतो तो.

‘हे टोक मोडून टाक की.’

‘मग मासा कसा लागणार, अण्णा?’

‘खातोस का त्याला?’

‘नाही. सोडून देतो.’

त्यांनी चष्मा काढला. ‘खायचा न्हाई, तर टोचायचा कशाला?’

टोकाजवळचा उलटा काटा मी पकडीने दाबून टाकतो, हात ओले करून मासा पाण्यातच धरतो, हे सगळं मी सांगितलं. ते खरं आहे, पण त्यांनी विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं. आमच्या आळीत मासे खाणारी घरं होती, त्यांच्याविषयी अण्णांची कधी तक्रार नव्हती. भूक त्यांना कळत होती. माझं कळत नव्हतं. त्या रात्री आम्ही पुढे बोललो नाही.

सकाळी व्हाइसमध्ये एक काळी जळू होती. शेपूट विरळ, वेढे एकाशेजारी एक, काजाच्या टाक्यांसारखे. टोक पकडीने तोडलेलं.

ऑक्टोबरात ते परत गेले. ती जळू डब्यात तशीच पडून होती. परवा, बर्फ फुटल्यावर, पहिल्यांदा दोराला लावली. तासाभरात दोन झटके आले. दोन्ही वेळा माझं मनगट आपोआप उचललं गेलं, क्षणभर धडधड हाताला कळली आणि दोर सैल पडला. मजा आली म्हणावं, तर तसं नाही, वैतागच आला. मग अण्णांची जळू डब्यात ठेवून माझी, टोकाची बांधली, हात-दीड हात लांबीचा नव्हे पण बऱ्यापैकी ट्राउट काढला आणि सोडला. सोडल्यावर तो थोडा वेळ माझ्या बोटांशीच थांबला होता, श्वास घेत.

रात्री फोन आला.

‘माझ्या जळूला कुणी आलं का?’

‘दोघं आले होते.’

‘मग?’

‘गेले.’

‘बरं झालं,’ अण्णा म्हणाले, आणि आईला हाक मारून तिलाही ते सांगितलं. तिसऱ्या माशाचं मी काही बोललो नाही.