मधलं शीत

शितावरून भाताची परीक्षा होते, या म्हणीत मला आजवर काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटतं आहे, आणि ते अभिनेत्री भक्ती बर्वे यांच्यामुळे.

आमच्याकडे भात पातेल्यात शिजायचा. आजी झाकण सारून कालथा आत घालायची आणि एक शीत अंगठा नि तर्जनीत चेपून बघायची. कणी लागली की पुन्हा झाकण. पण वरचं शीत ती कधी घेत नसे. वरचा भात कधी फडफडीत राहतो, तळाचा आधी मऊ होतो. खरं काय ते मधलं शीत सांगतं. म्हणजे कुठलं शीत उचलायचं हे आधी कळायला हवं, आणि ते कळायला अख्खं पातेलं ओळखीचं असायला हवं. जिला भाताची पुरती ओळख आहे तिलाच शितावरून परीक्षा करता येते. मग बाकीच्यांनी ही म्हण कशाच्या जोरावर वापरायची? शिवाय आजच्या शितावरून कालच्या भाताचं काहीच सांगता येत नाही. तांदूळ नवा असेल तर पाणी कमी लागतं, नाहीतर गिचका होतो. आच बदलते, हात बदलतो.

नाटकाचा प्रयोगही असाच रोज नव्याने शिजतो.

महाराष्ट्राबाहेर भक्ती बर्वे ओळखल्या जातात त्या १९८३ च्या ‘जाने भी दो यारों’मुळे. कुंदन शाह यांच्या त्या चित्रपटात त्या ‘खबरदार’ची संपादक शोभा आहेत. दोन भोळे फोटोग्राफर तिला भ्रष्टाचाराविरुद्ध लढणारी समजतात आणि ती मात्र पुराव्याचा सौदा करायला निघते. नसीरुद्दीन शाह, रवी बासवानी, पंकज कपूर, ओम पुरी, सतीश शाह अशा गर्दीत त्यांचा थंडपणा उठून दिसतो. काम उत्तमच आहे. पण ते वरचं शीत आहे. हाताला सहज लागतं म्हणून आपण तेच चेपून बघतो.

पातेलं तर मोठं होतं. सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरमधली बालनाट्यं, ‘आई रिटायर होतेय’, ‘गांधी विरुद्ध गांधी’मधल्या कस्तुरबा. १९९० चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला तोही रंगभूमीवरच्या कामासाठीच. आणि मधोमध १९७५ ची ‘ती फुलराणी’. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांड्यांनी मराठी मातीत उभी केलेली फुलवाली मंजुळा, समोर तिला बोलणं शिकवणारा सतीश दुभाषींचा प्राध्यापक. माझ्या मावशीने तो प्रयोग पाहिलेला आहे. मंजुळा प्राध्यापकावर मनातल्या मनात सूड उगवते ते स्वगत सांगताना मावशीचा आवाज अजूनही चढतो. ती त्यांना नुसतं ‘भक्ती’ म्हणते, घरातल्या धाकट्या बहिणीला म्हणावं तसं.

मावशीने त्यांना आणखी एका ठिकाणी पाहिलं होतं, आणि गेले काही दिवस माझं मन तिथेच घोटाळतं आहे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. भक्ती बर्वे तिथे मराठी बातम्या वाचत. चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या दारात अख्खा मजला गोळा होई. बातम्या ऐकता ऐकता आपलं बोलणं तपासणारी माणसं तेव्हा होती; निवेदिकेसारखं बोल, असं मुलांना सांगितलं जाई. म्हणजे ज्या बाईच्या तोंडून महाराष्ट्र प्रमाण मराठी ऐकत होता, तीच बाई रंगमंचावर त्याच मराठीपायी बोलणी खाणारी, पढवली जाणारी फुलवाली होत होती. एकाच गळ्यात शिकवणारा प्राध्यापकही होता आणि ठेचकाळणारी मुलगीही. मंजुळाचा राग खरा वाटायचा तो, ती भाषा कमवायला काय मोजावं लागतं हे त्यांना आतून माहीत होतं म्हणून? की मी हे दोन धागे उगाच एकमेकांत गुंतवते आहे?

आमच्या वर्गात घाटावरची एक मुलगी होती. ती ‘पानी’ म्हणाली की वर्ग हसायचा. बाई प्रेमाने सुधारायच्या, रागावत नसत. वर्ष सरता सरता ती ‘पाणी’ म्हणू लागली आणि एकूणच कमी बोलू लागली. मंजुळा निदान चिडते, उलट बोलते, प्रेक्षक तिच्या बाजूने टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांमध्ये वर्गात हसणारेही असतील. घरी जाऊन त्यांनी आपल्या कामवालीचं बोलणं वेगळ्या कानांनी ऐकलं असेल का? एवढं ओझं एका नटीच्या खांद्यावर टाकणं बरोबर नाही, हे मला कळतं. तरी मंजुळा आठवली की ती वर्गातली मुलगी आठवतेच.

१२ जून २००० ला पु. ल. गेले. बरोबर आठ महिन्यांनी, १२ फेब्रुवारी २००१ ला, वाईचा कार्यक्रम करून मुंबईला परतताना द्रुतगती महामार्गावर भाताण बोगद्याजवळ भक्ती बर्वे यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्या गेल्या. वय बावन्न. वाईत त्यांनी केलेल्या कार्यक्रमाचं नाव ‘पु. ल., फुलराणी आणि मी’. पंचवीस वर्षांनंतरही त्या मंजुळा घेऊन गावोगाव जात होत्या. त्या वयातली मंजुळा कशी असेल? राग निवला असेल, की मुरला असेल?

पुढे अमृता सुभाष आणि हेमांगी कवी यांनीही मंजुळा केली. प्रत्येकीला भक्ती बर्वेंशी ताडून पाहिलं गेलं. ताडणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी मूळ प्रयोग पाहिला नसेल. त्यांच्याकडे माझ्यासारखीच कुणाची तरी मावशी असेल. आणि मावशीकडे तरी काय आहे? एका संध्याकाळचा एक प्रयोग, तोही इतक्या वर्षांत आठवून आठवून तिने स्वतःच पुन्हा शिजवलेला. ते मधलं शीत, असं मी धरून चालले होते. पडद्यावरची शोभा निदान जशीच्या तशी आहे, कुणाच्या आठवणीवर अवलंबून नाही. मग तिला वरचं म्हणून बाजूला सारायचा अधिकार मला कुणी दिला? मी मावशीला पुन्हा ते स्वगत म्हणायला सांगितलं. या वेळी तिने ते वेगळंच म्हटलं, आणि आधीचं बरोबर की आताचं, हे तिलाही सांगता येईना.