नॉटपेड

टपालखात्याच्या ज्या शब्दांना आता वार्धक्य आले आहे त्यांपैकी ‘नॉटपेड’ हा एक. पुरेसे तिकीट न लावता टाकलेले पत्र पोस्टमन दारात आणी आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडे मागे. घेणाऱ्याला मात्र एक हक्क असे. पाकीट हातात घ्यावे, वरचे अक्षर ओळखीचे आहे का पाहावे, गावाचा शिक्का वाचावा आणि नको असेल तर पत्र परत करावे. आत काय आहे हे न वाचता, केवळ पाकिटावरून निवाडा करण्याची ही कला घराघरांतून होती.

ई-मेल आली तेव्हा ही नॉटपेडची रीत मागच्या दाराने परत आली, फक्त नाकारण्याचा हक्क तेवढा बाहेर राहिला. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुअर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात एकदम पाठवली. तिला पहिली स्पॅम मानतात. पाठवणाऱ्याला चारशे पत्रांचा खर्च एका पत्राइतकाच, आणि जागा व वेळ मात्र चारशे जणांचा. या हिशेबात पुढेही काही बदल झाला नाही. ज्यांची जोडणी वेगवान होती त्यांना तो जाणवला नाही, इतकेच.

आम्हांला तो जाणवे. २००३ साली एका तालुक्याच्या गावी मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो आणि विभागाच्या वार्षिकाची पत्रापत्री माझ्याकडे होती. मोडेमवर ५६ हा आकडा छापलेला असला तरी आमच्या तारेवरून सेकंदाला तीन किलोबाइट आले तरी दिवस चांगला म्हणायचा. फोनच्या मीटरवर दर तीन मिनिटांना एक कॉल पडे. कोणी लेखाची एक मेगाबाइटची स्कॅन केलेली प्रत पाठवली, की ई-मेलमधून जाण्यासाठी बेस-६४ या लिपीत बदलताना ती एक तृतीयांशाने फुगे आणि उतरायला साडेसात मिनिटे घेई. लेखाबद्दल तक्रार नव्हती. पण त्याच्या आधी रांगेत चाळीस भिकार पत्रे उभी असत. ऑगस्ट २००३ मध्ये सोबिग-एफ हा कृमी पसरला तेव्हा त्याची प्रत्येक प्रत सुमारे शंभर किलोबाइटची होती. म्हणजे अर्ध्या मिनिटाहून अधिक. त्यातून मध्येच तार तुटली तर पीओपी या पद्धतीत पुसण्यासाठी खूण केलेली पत्रेही पुसली जात नसत, कारण ती खरोखर पुसली जातात ती रीतसर निरोप घेतल्यावरच. अर्धवट संभाषणाचा सर्व्हरला विसर पडे, आणि पुन्हा जोडावे तर तीच रांग पुन्हा पहिल्यापासून.

संगणकशास्त्राच्या एका सहकाऱ्याने मला ‘टॉप’ ही आज्ञा दाखवली. पत्र न उतरवता त्याचा फक्त शिरोभाग, आणि हव्या असतील तर मजकुराच्या पहिल्या काही ओळी, सर्व्हरकडून मागवता येतात. ‘लिस्ट’ म्हटले की प्रत्येक पत्राचा आकार कळतो. म्हणजे पाकीट हातात घेऊन पाहण्याचा जुना हक्क नियमात होता. नेहमीचे प्रोग्राम तो आपल्या वतीने वापरत नव्हते. काळ्या पडद्यावर या आज्ञा टंकून मी पाकिटे वाचू लागलो. साठ पत्रांचे शिरोभाग एका मिनिटाच्या आत येत. एकच आकार आणि ‘थँक यू’सारखा एकच विषय असलेली वीस पत्रे दिसली की ती न उतरवता तिथेच पुसायची.

गंमत मराठी पत्रांची होती. शिरोभागात फक्त साधी रोमन अक्षरे चालतात, म्हणून देवनागरी विषयओळ तिथे वेषांतर करून येते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटांचा असतो, आणि स्वर वा व्यंजन असेल तर त्यांतले पहिले दोन बाइट ठरलेले असतात. त्यामुळे बेस-६४ च्या वेषात ‘अ’ने सुरू होणारी ओळ असो की ‘ह’ने, तिची पहिली तीन चिन्हे नेहमी ‘फोर-के-एस’ अशीच दिसतात. हे एकदा ध्यानात आल्यावर त्या रोमन गिचमिडीत मला आपली माणसे लांबून ओळखू येऊ लागली. (छंद:शास्त्र शिकवणाऱ्याला आद्याक्षरांचे गण लावण्याची सवय असतेच.) मात्र जे लोक जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात विषय लिहीत त्यांची ओळ निव्वळ बाराखडीबाह्य अक्षरांचा ढीग दिसे, आणि गाळण्या चुकवण्यासाठी स्पॅमवाले मुद्दाम जो ढीग रचत त्याहून ती वेगळी काढणे कठीण जाई.

मंद तारेचा विचार करता खरा शहाणपणा गाळणी तारेच्या पलीकडे, सर्व्हरवरच बसवण्यात आहे. नको ते इकडे येऊच नये. तसे प्रोग्राम होते. स्पॅमअसॅसिन प्रत्येक पत्राला खुणा पाहून गुण देतो आणि बेरीज पाचावर गेली की, कोणी बदलले नसेल तर, पत्र स्पॅम ठरते. पण त्याच्या नियमांत विषयओळीत कच्ची, वेषांतर न केलेली परकी अक्षरे फार असली तर गुण वाढवणारा एक नियम होता. मराठी माणसाने साध्या प्रोग्रामातून साधे पत्र लिहिले की हा गुन्हा सहज घडे. बरे, हा प्रोग्राम फक्त शिक्का मारतो. पत्र फेकायचे की बाजूला ठेवायचे हे सर्व्हर चालवणारा ठरवतो. २००७ साली मी ज्या संस्थेची पेटी वापरत होतो तिथे फेकण्याचे ठरले होते, कोणालाही न सांगता. एका विद्यार्थिनीने शिफारसपत्रासाठी तीनदा लिहिले. तिन्ही पत्रे मराठीत, अदबीने, ‘सरांना नमस्कार’ अशा विषयाची. तिला वाटले, सर टाळत आहेत. मला काहीच वाटले नाही, कारण माझ्यापर्यंत काही आलेच नव्हते. मुदत गेल्यावर तिच्या वडिलांचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. तिचे ते वर्ष गेले. पत्रे न मिळाल्याचा पुरावा तरी कोठून आणायचा?

याच्या उलट वृत्ती पॉल ग्रॅहम यांच्या ऑगस्ट २००२ च्या लेखात दिसते. त्यांची गाळणी नियम लावत नाही. तुमच्याच चांगल्या-वाईट पत्रांतून शब्दांची संभाव्यता शिकते. चांगल्या पत्रांतल्या शब्दांची मोजणी ती मुद्दाम दुप्पट करते, म्हणजे निरपराध सुटावा. आणि कधीच न पाहिलेल्या शब्दाला ती ०.४ देते, म्हणजे निम्म्याहून किंचित कमी संशय. स्पॅमचे शब्द फार परिचित असतात, अपरिचित शब्द बहुधा सज्जन असतो, हा त्यामागचा तर्क भाषेच्या माणसाला विलक्षण आवडावा असा आहे. अडचण अशी, की शिकण्यासाठी तिला आख्खे पत्र लागते, आणि आख्खे पत्र म्हणजे पुन्हा आमची साडेसात मिनिटे. म्हणून मी आज्ञा टंकत राहिलो. मिनिटभर अधिक गेले, पण काय टाकले हे ठाऊक होते.

आता तारही नाही आणि मीटरही नाही. गाळणी दूरच्या कंपनीकडे आहे. जीमेल स्पॅमची पेटी ३० दिवस ठेवते आणि मग रिकामी करते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर परीक्षेच्या कामाला गेलो की फोनवर पुन्हा तोच जुना वेग भेटतो, आणि मी सवयीने विषयांची यादी तेवढी उतरवून घेतो. ती पेटीही दर आठवड्याला उघडतो. तिथे मला ‘आदरणीय विद्वान’ म्हणणारी, चार दिवसांत शोधनिबंध छापून देणारी नियतकालिके असतात. अलीकडे कर्जाची आणि लॉटरीची आमिषेही चांगल्या मराठीत येऊ लागली आहेत, ऱ्हस्व-दीर्घ बहुतेक सांभाळून. पाकिटावर त्यांच्याही ‘फोर-के-एस’च असते.