आडाचा नकार

मोठ्या खेळाडूंचे गोल, पदके आपण मोजतो. नॉर्वेच्या आडा हेगरबर्गकडे तीही भरपूर आहेत, पण मला तिचा नकार जास्त मोठा वाटतो.

1995 साली जन्मलेली आडा सुन्दाल्सोरा या लहान गावात वाढली. आई स्वतः फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक, थोरली बहीण आंद्रीनही खेळाडू. 2014 मध्ये आडा फ्रान्सच्या ल्योन क्लबकडे गेली आणि सहा वेळा चॅम्पियन्स लीग विजेती ठरली. 2019 च्या अंतिम सामन्यात तिने बार्सिलोनाविरुद्ध सोळा मिनिटांत तीन गोल केले!

अशा मुलीने 2017 मध्ये, वयाच्या 22 व्या वर्षी, देशाच्या संघात खेळणे थांबवले. त्याच वर्षी नॉर्वेत पुरुष आणि महिला संघांना समान मानधन देण्याचा करार झाला. त्यासाठी पुरुष खेळाडूंनी आपला थोडा वाटाही सोडला. आता तरी ती परत येईल, असे कुणालाही वाटले असते. पण तिचे म्हणणे वेगळे होते. प्रश्न पैशाचा नव्हता. संघाची तयारी, सोयी आणि महिला फुटबॉलला मिळणारा मान यांचा होता.

2018 मध्ये महिलांसाठीचा पहिला बॅलन डिऑर पुरस्कार तिला मिळाला. त्या मंचावरच तिला कंबर हलवून नाचशील का, असे विचारण्यात आले. तिने एका शब्दात ‘नाही’ म्हटले. पुढच्याच वर्षी विश्वचषक फ्रान्समध्ये भरला. ज्या देशात ती रोज खेळत होती, तिथल्याच स्पर्धेत ती नव्हती. नकाराची किंमत तिने स्वतः मोजली.

2020 मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने तिला वीस महिने मैदानाबाहेर ठेवले. मार्च 2022 मध्ये माजी खेळाडू लिसे क्लावेनेस नॉर्वेच्या फुटबॉल महासंघाची पहिली महिला अध्यक्ष झाली. त्याच महिन्यात आडाने परतण्याचे जाहीर केले आणि एप्रिलमध्ये कोसोवोविरुद्ध तीन गोल केले.

आपल्या घरांत मुलींना मराठीत ‘सांभाळून घे’ आणि कन्नडमध्ये ‘होंदिकोंडु होगु’ असे सांगितले जाते. दोन्ही भाषांत शिकवण एकच! सांभाळून घेणे वाईट नाही. त्यावरच संसार चालतात. पण कुठे थांबायचे, हेही मुलींना कुणी शिकवायला हवे. ‘पुरे’ आणि ‘साकु’ हे शब्दही आपल्याच घरातले आहेत ना?