गोगलगायीच्या पोटांत

‘गोगलगाय अन् पोटांत पाय’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याचा त्या गरीब प्राण्यावर विशेष राग असावा. पशुवैद्यकाच्या ग्रंथांतही तिची गत फारशी निराळी नाहीं. मेंढ्यांच्या यकृतांत वस्ती करणाऱ्या, पानासारख्या चपट्या कृमीचें वर्णन वाचूं लागावें, तों चार ओळींतच गोगलगाय ‘रोगवाहक’ म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यांत उभी! मला हा न्याय एकांगी वाटतो.

१८७९-८० सालीं इंग्लंडांत या कृमीपायीं सुमारें ३० लक्ष मेंढ्या दगावल्या. त्यानंतर १८८१ ते १८८३ च्या दरम्यान ऑक्सफर्डचे थॉमस व लाइपझिगचे ल्यूकार्ट यांनीं स्वतंत्रपणें शोधून काढलें कीं, या कृमीचें बालपण करंगळीच्या नखाएवढ्या एका पाणगोगलगायींत जातें.

मेंढीच्या लेंड्यांबरोबर पडलेलें अंडें पाण्यांत फुटतें. आंतला सूक्ष्म जीव पोहत जाऊन गोगलगायीच्या मऊ अंगांत भोंक पाडतो आणि तेथें निव्वळ पिशवी होऊन राहतो. त्या पिशवींत ‘रेडिया’ नांवाची पुढची पिढी जन्मते. (रेडी हे सतराव्या शतकांतील इटालियन पंडित, आपल्या नांवाला असा वारस मिळेल हें त्यांच्या स्वप्नींही नसेल.) रेडियेला तोंड आहे, घसा आहे, आणि खरा अनर्थ येथेंच आहे. शंखाच्या टोंकाकडे असलेल्या पाचकग्रंथींत शिरून ती तेथील पेशी अक्षरशः खाते. ग्रंथीच्या कांहीं नलिका कुरतडल्या जातात, कांहीं नुसत्या दाबानेंच चिरडतात. सांठविलेलें अन्न आटतें. शेजारीच प्रजोत्पादनाची ग्रंथी असते. तिचाही ऱ्हास होतो आणि अंडीं घालणें थांबतें.

डोकें व पाय मात्र बहुधा शाबूत राहतात. ती चालते, शेवाळ खाते. तें कोणाच्या अंगीं लागतें हा प्रश्न निराळा. कधीं कधीं तर ती आपल्या निरोगी बहिणींपेक्षां मोठी वाढते. संततीसाठीं खर्च व्हावयाचें अन्न देहाकडे वळतें म्हणून, असें एक मत आहे. घरांतला पाळणा कायमचा थांबावा आणि शेजाऱ्यांनीं ‘प्रकृति बरीक सुधारली हो!’ म्हणावें, तशांतलाच हा प्रकार.

आंत शिरलेल्या एका जीवाचे शेंकडों होऊन बाहेर पडतात, ओल्या गवताला चिकटून मेंढीची वाट पाहतात. मेंढीचें दुःख मी कमी लेखीत नाहीं. परंतु तिच्यासाठीं हळहळणारा धनी असतो. हिचें यकृत म्हणावें तें मेंढीच्याही आधीं पोखरलेलें असतें, आणि त्याची दखल सूक्ष्मदर्शकाखेरीज कोणी घेत नाहीं.

पुढें विसाव्या शतकांत कुरणांतील डबक्यांवर मोरचुदाचें पाणी शिंपडण्याची पद्धत आली. त्यानें रोगी आणि निरोगी गोगलगायी सारख्याच मरत.