नॉट रेटेड

‘हॉबी काय तुझी?’ असं कुणी विचारलं, की माझं उत्तर तयार असायचं. ‘चेस!’ आणि वर एक पुस्ती, ‘आमच्या माहूरमध्ये मला हरवणारं कुणी नाही.’ समोरचा सॉलिड इम्प्रेस व्हायचा. खोटं नव्हतं हो ते. फक्त माहूरमध्ये माझ्याशी खेळणारे एकूण चार जण होते आणि त्यातले दोघे चष्मा घरी विसरून यायचे, हे मी कधी सांगितलं नाही.

तर त्या फुशारकीतली हवा कशी गेली, त्याची ही गोष्ट. वय वर्षे २८, मास कॉमची डिग्री, पुण्यात फ्रीलान्स पत्रकारिता. म्हणजे डेडलाइन भरपूर, पगार नाही आणि सुट्टी मागायला बॉसही नाही. अशा वयात कुणी पहिल्यांदा बुद्धिबळाची स्पर्धा खेळायला जातं का? मी गेले.

आधी माहूर. रेणुकामातेचं, साडेतीन शक्तिपीठांतलं. नांदेड जिल्ह्याच्या अगदी टोकाला, पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. तिथे बाबांचं नारळ, ओटी, हळद-कुंकवाचं दुकान आहे. नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते, पण एरवीच्या दुपारी गिऱ्हाईक कमी. मग नारळाच्या पोत्यावर पाट टाकून त्यावर पट मांडला जायचा. बाजारातले म्हातारे देशी पद्धतीनं खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे, आणि कॅसलिंग वगैरे भानगड नाही. बाबा मात्र मला वेगळंच शिकवायचे. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं. राजा आणि हत्ती एकाच चालीत जागा बदलू शकतात. आणि सोंगटीला नुसतं बोट जरी लागलं, तरी ‘आता तेच हलव!’ रडले, रुसले तरी माफी नाही. माहूरच्या बाजारात बसून बाबांना हे नियम कुठून कळले, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मुलांना वाटतं, वडिलांना सगळं माहीतच असतं.

बाबांना मी बाराव्या वर्षी हरवलं. चौदाव्या वर्षी शाळेतले सर म्हणाले, ‘हिला नांदेडला जिल्ह्याच्या निवड स्पर्धेला पाठवा.’ बाबा म्हणाले, ‘तयारी होऊ दे, मंग जाऊ.’ ती तयारी काही झाली नाही. दहावी झाली, बारावी झाली. पुढे मास कॉमसाठी मी नांदेडलाच राहिले, तरी स्पर्धेच्या हॉलकडे कधी फिरकले नाही. बाबांवर खापर फोडणं सोप्पं होतं. खरं सांगू? ‘मला हरवणारं कुणी नाही’ हे वाक्य मलाच सोडवत नव्हतं.

मग आला २८ जुलै २०२५. जॉर्जियातल्या बातुमीमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं टायब्रेकमध्ये कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. वय १९. त्या विजयासोबत थेट ग्रँडमास्टर किताब, भारताची ८८वी. बाबांचा फोन आला.

‘बघितलं का? नागपूरची पोरगी!’

‘बघितलं बाबा.’

थोडा वेळ शांतता. मग, ‘तू किती वर्षांची झालीस गं?’

ते सहज विचारत होते की काय, कोण जाणे. त्या रात्री मी लॅपटॉप उघडला आणि अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाचा खेळाडू नोंदणीचा फॉर्म भरायला घेतला.

खरं तर हे प्रकरण बँकेत खातं उघडण्याइतपतच अवघड आहे. नाव, जन्मतारीख, जन्माचा पुरावा, फोटो, राज्य, फी. एकच टिप देते : नाव जन्माच्या पुराव्यावर आहे तस्संच लिहा, नाहीतर पुढे स्पेलिंग दुरुस्त करत बसावं लागतं. या खेळाची एक उतरंड आहे. खाली जिल्ह्याची संघटना, वर राज्याची, त्यावर १९५१ साली स्थापन झालेला राष्ट्रीय महासंघ आणि सगळ्यात वर फिडे, म्हणजे १९२४ मध्ये पॅरिसला जन्मलेली जागतिक संघटना. फिडेचा आयडी तुम्ही परस्पर काढायचा नसतो, तो देशाच्या महासंघामार्फतच मिळतो. काही दिवसांनी फिडेच्या साइटवर माझं नाव टाकून पाहिलं. चक्क सापडलं! नाव, नंबर, देश भारत. आणि रेटिंगच्या तिन्ही रकान्यांत, स्टँडर्ड, रॅपिड, ब्लिट्झ, एकच शेरा : नॉट रेटेड.

रेटिंग म्हणजे चेसमधला सिबिल स्कोअर समजा. कधी कर्जच घेतलं नाही, तर स्कोअर कुठून येणार? तसंच हे. किमान पाच डाव रेटिंग असलेल्या खेळाडूंशी खेळायचे, त्यात थोडेतरी गुण मिळवायचे आणि हिशेब १४००च्या वर यायला हवा, तेव्हा कुठे तुमचा पहिला आकडा लागतो. २०२४ पासून १४००च्या खाली रेटिंगच नाही. पाच डाव एकाच स्पर्धेत व्हायला हवेत असंही नाही, २६ महिन्यांत जमवले तरी चालतात. माहूरचे माझे शेकडो विजय? शून्य किंमत. ते कुठे लिहिलेलेच नव्हते.

हे लिहिलेलं असणं किती महत्त्वाचं, ते जुन्या नोंदी चाळताना कळलं. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, त्यात विजेतेपद वाटून घेणाऱ्या दोघांपैकी एक आपले रामचंद्र सप्रे. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये मुंबईच्या वासंती खाडिलकरनं जिंकली. त्यांची धाकटी बहीण रोहिणी १९७६ मध्ये, अवघ्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. केवढा गदारोळ झाला! शेवटी फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना सांगावं लागलं, की बाई आहे म्हणून कुणाला अशा स्पर्धेतून अडवता येणार नाही. ती तेरा वर्षांची पोरगी पुरुषांसमोर बसायला घाबरली नाही, आणि मी अठ्ठाविसाव्या वर्षी हरायला घाबरत होते.

सप्टेंबरात पुण्यातच एक ओपन रेटिंग स्पर्धा होती. चार दिवस, आठ फेऱ्या, प्रत्येकाला दीड तास आणि दर चालीमागे ३० सेकंद. एका शाळेचा हॉल, बाहेर डबे घेऊन बसलेल्या आया, दारात मोबाइल जमा. माझ्यासमोर आला एक मुलगा. इयत्ता सहावी, हातात पाण्याची बाटली, रेटिंग सोळाशेच्या पुढे. त्यानं हात मिळवला, मी गालातल्या गालात हसले. तेवढंच काय ते माझं हसणं.

आधी मी चाल लिहिली आणि मग खेळायला हात पुढे केला. पंच येऊन हळूच म्हणाले, ‘मॅडम, आधी खेळायचं, मग लिहायचं.’ मग एका हातानं सोंगटी हलवून दुसऱ्या हातानं घड्याळ दाबलं. ‘ज्या हातानं खेळलात त्याच हातानं, मॅडम.’ कान गरम झाले. एकविसाव्या चालीला माझा घोडा पडला आणि चौतिसाव्याला मी राजीनामा दिला. दोघांनी नोंदपत्रांवर सह्या केल्या. माझ्या आयुष्यातला पहिला लिखित पराभव. तो मुलगा आईकडे पळाला, बहुतेक डबा खायला.

मी बॅग उचलली आणि पंचांना विचारलं, ‘मी आता निघू का?’

‘कुठे निघताय? तीन वाजता दुसरी फेरी आहे.’

स्विस लीग पद्धत! नाव ऐकलं होतं, अर्थ तेव्हा कळला. यात हरलेला बाहेर जात नाही. पुढच्या फेरीत त्याची गाठ साधारण तेवढेच गुण असलेल्याशी पडते. आणि पहिली फेरी? रेटिंगनुसार यादी लावून मधोमध कापतात. १२० खेळाडू असतील तर पहिला एकसष्टाव्याशी, दुसरा बासष्टाव्याशी. म्हणजे नव्या, बिनरेटिंगच्या माणसाला पहिल्याच फेरीत तगडा खेळाडू मिळणार, हे जवळपास ठरलेलंच. तुम्ही भिकार खेळता म्हणून नाही, यादीच तशी असते म्हणून.

दुसरी फेरीही हरले, बँकेतून रिटायर झालेल्या एका काकांशी. संध्याकाळी बाबांचा फोन.

‘काय झालं?’

‘दोन्ही हरले.’

‘मंग निघालीस का घरी?’

‘नाही बाबा, उद्या तिसरी फेरी आहे.’

फोनवर इतका वेळ शांतता, की मला वाटलं रेंज गेली. मग आवाज आला, ‘हरल्यावर बी?’

पुढचं सांगते पटकन. तिसरी फेरी जिंकले, इंजिनीअरिंगच्या एका पोराशी. पाचव्या फेरीत एका शिक्षिकेशी बरोबरी. त्यांचं रेटिंग चौदाशेच्या वर, त्यामुळे तो अर्धा गुण मला सोन्याहून पिवळा. सातवी जिंकले, बाकीच्या हरले. आठपैकी अडीच गुण. रेटिंगवाल्यांशी डाव झाले चार, म्हणजे पहिल्या आकड्यासाठी अजून एक हवाच. थोडक्यात, चार दिवस घासून मी होते तिथेच, नॉट रेटेड. पण गंमत बघा, झोप मस्त लागली. मी नक्की किती कच्ची आहे, हे पहिल्यांदाच आठ कागदांवर लिहून मिळालं होतं. फ्रीलान्सिंगमध्ये एवढं स्पष्ट कोण सांगतं? तिथे आपला लेख का नाकारला, याचं साधं उत्तरही येत नाही.

पहिल्या डावाच्या नोंदपत्राचा फोटो बाबांना पाठवला होता. त्यांना तो वाचता येईना. फोनवर शिकवणी सुरू झाली. पटाला आडव्या बाजूला ए ते एच, उभ्या बाजूला १ ते ८.

‘हे एन म्हंजे काय?’

‘घोडा.’

‘काऊन? हॉर्सचा एच पायजे ना?’

‘त्याला नाइट म्हणतात बाबा.’

‘मंग के पायजे!’

‘के राजानं घेतलाय.’

‘असं व्हय!’

दिवाळीला घरी गेले तर दुकानातल्या पटाच्या कडेनं कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, त्यावर पेनानं काढलेली अक्षरं. बाबांनी माझा अख्खा डाव मांडून पाहिला होता. ‘एकविसाव्या चालीला घोडा मागं काऊन नाही घेतलास?’ बरोबर तीच चूक होती. मी तिथे बसले असताना, वीस मिनिटं विचार करूनही, मला ती दिसली नव्हती.

मग त्यांनी स्वतःहून सांगितलं. १९८८ साल. आनंद देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला ते वर्ष. पेपरात त्याचा फोटो बघून बाबांना हुक्की आली आणि ते एसटीनं नांदेडला एका स्पर्धेला गेले, आजोबांना न सांगता. वय बावीस, माहूरचे चॅम्पियन, खेळ देशी. समोरच्यानं कॅसलिंग केलं, तर हे म्हणाले, ‘एका चालीत दोन सोंगट्या कशा?’ आजूबाजूचे हसले. पुढे सहज हत्तीला हात लागला आणि तोच हलवावा लागला. अर्ध्या तासात खेळ खलास. संध्याकाळच्या बसनं परत. त्यानंतर कुठून तरी नियमांचं पुस्तक मिळवून त्यांनी ते पाठ केलं. कुणाला बोलले नाहीत. माझ्या लहानपणच्या त्या ‘आता तेच हलव’चा उगम हा होता. आणि ‘तयारी होऊ दे’चाही.

‘दुसऱ्या फेरीला का नाही थांबलात?’ मी विचारलं.

‘हरल्यावर कोण थांबतं?’

मी बॅगेतून फेऱ्यांची यादी काढली आणि त्यांना दाखवली. हा पहिल्या फेरीत हरला, याला दुसऱ्या फेरीत हा मिळाला, तोही हरलेलाच. कुणीही बाहेर गेलं नव्हतं. बाबांनी चष्मा नीट केला आणि बोट ठेवत ठेवत यादी खालपर्यंत वाचली.

‘म्हंजे तेव्हा बी पुढचा डाव असंल माझा?’

‘असेल बाबा. तुमची वाट बघत कुणीतरी बसलं असेल.’

ते काही बोलले नाहीत. एक गिऱ्हाईक आलं, त्यांनी नारळ वाजवून दिला, सुटे पैसे मोजले. परत येऊन बसले आणि म्हणाले, ‘वयाची अट असते का गं?’

नसते. उलट जागतिक पातळीवर पन्नाशी आणि पासष्टीच्या पुढच्यांसाठी वेगळ्या स्पर्धा होतात. रात्री आम्ही बाबांचा फॉर्म भरला. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची, १ जून, गुरुजींनी त्या काळी वर्गातल्या निम्म्या पोरांना दिलेली. राज्य महाराष्ट्र. फोटोसाठी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

मला एक डाव हवाय, त्यांना पाच. नांदेडच्या आसपास पुढची स्पर्धा लागली की दोघं मिळून जाणार आहोत. बाबांची पहिली फेरी कशी जाईल, याचा अंदाज आम्हा दोघांनाही आहे. मी एकच अट घातलीय : संध्याकाळची बस पकडायची नाही.