पाकोळी

सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. शाळेत ही उतरंड पाठ करताना वाटायचं, जीवशास्त्रवाले पत्रिका जुळवायलाच बसलेत. गण बघा, कुळ बघा, जात तर आधी बघा! शिस्त मात्र कडक: एका जिवाला एकच घर.

कोकणातल्या आमच्या घरी आजीपुढे ही शिस्त चालत नसे. तिन्हीसांजेला पडवीतून भिरभिरत जाणारं छोटं वटवाघूळ म्हणजे पाकोळी. देवळाच्या सभामंडपात वाशांना पिसं नि काड्या थुंकीने चिकटवून घरटं करणारा काळा पक्षी, तोही पाकोळीच. कुणी फुलपाखरालाही तेच म्हणे.

त्यातली पक्षी-पाकोळी एकदा खाली पडलेली मिळाली. हातात वजन असं लागेचना. गळा पांढरा, कमरेवर पांढरा पट्टा, पंख मिटले तरी शेपटीच्या पार पुढे गेलेले. पाय पिसांत शोधावे लागले. इवलेसे, पण नख्या अशा की सदऱ्यावरून तिला सोडवताना धागे निघाले. या पायांनी तारेवर बसता येत नाही. भिंतीला लटकायचं, नाहीतर उडत राहायचं. तिच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव ॲपस. अर्थ, बिनपायाची. एवढ्या नख्या रुतल्यावर ते नाव मला काही पटेना.

जिवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने 1758 सालच्या ग्रंथात हिच्या युरोपातल्या बहिणीला भिंगऱ्यांच्या घरात घातलं होतं. त्याच ग्रंथात वटवाघूळ तर माणसाच्या नि माकडांच्या गणात! पुढे दोघांचीही बिऱ्हाडं हलली. पाकोळीचे जवळचे सोयरे निघाले अमेरिकेतले हमिंगबर्ड. भिंगरीशी सारखेपणा आला तो उडता उडता किडे टिपण्याच्या धंद्यामुळे.

आजीचा शब्द हा धंदाच बघत असावा, आणि त्याची वेळ. उजेड विझत आला की सभामंडपात पक्षी परतू लागतात आणि त्याच वाशांच्या फटींतून वटवाघळं बाहेर पडतात. मधला थोडा वेळ आभाळ दोघांचं असतं. तेव्हा कुणाच्या अंगावर पिसं आणि कुणाच्या केस, हे दुर्बिणीलाही सांगता येत नाही.

देवळाला रंग काढायचं ठरलं तेव्हा गावात बैठक झाली. पक्ष्यांची घरटी ठेवायची, वटवाघळं हाकलायची, असा सूर होता. गुरवकाका तंबाखू मळत म्हणाले, "पाकोळ्याच ना त्या? राहू देत की."

कुठल्या, ते कुणी विचारलं नाही.