घर उतरवलेली गाडी

जुनं मोटरहोम बघायला आलेले लोक आधी आत शिरतात. ओटा बघतात, गाद्या दाबतात, संडासाचं दार उघडून नाक मुरडतात. मी आल्या आल्या गाडीखाली पाठ टेकली. विकणाऱ्या आजोबांना वाटलं, माझ्या किल्ल्या पडल्या. मी नखाने चॅसी खरवडत होतो. कारखान्यातला काळा रंग जागोजाग अजून शाबूत होता. उठलो आणि आठशे डॉलर मोजले.

ओहायोत तीस वर्षांच्या ट्रकची चॅसी अशी सापडत नाही. हिवाळ्यात इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते आधी ब्रेकचे पाइप खातं, मग पाट्यांचे हँगर, आणि शेवटी चॅसीलाच हात घालतं. मोटरहोमवाला माणूस मात्र थंडीत गाडी बाहेर काढत नाही. नळातलं पाणी काढून टाकतो, ताडपत्री घालतो आणि एप्रिलपर्यंत तिकडे फिरकत नाही. त्यामुळे १९९०ची फोर्ड ई-३५०, ४६० घनइंचाचं व्ही-आठ इंजिन, मागे जोडचाकं आणि मीटरवर जेमतेम ५२,००० मैल असं घबाड अंगणात उभं राहतं. त्याच्यावर बसलेलं घर तेवढं कुजलेलं असतं.

ते कुजणारच. दीड इंची पाइनच्या पट्ट्या, मधे थर्माकोल, बाहेरून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून कागदासारखं प्लायवुड, आणि सगळं धरून ठेवायला स्टेपलच्या पिना. टपाच्या कडेचं सीलंट तडकलं की पाणी आत येतं, आणि सगळ्यात आधी येतं ते केबिनवर पुढे काढलेल्या पोटमाळ्यात, जिथे पोरांना झोपवतात. मी ग्राइंडर आणि गॅसकटर सज्ज ठेवले होते; कामाला आली ती पहार. कोपऱ्यातली पट्टी हातात घेतली तर चहात बुडवलेल्या खारीसारखी गळून पडली. तीन दिवसांत घर जमिनीवर आलं. पिना मात्र पुढे दोन महिने टायरांत सापडत होत्या.

गॅसकटर पेटवला नाही हेही बरंच झालं. पेट्रोलच्या टाकीचं तोंड या गाड्यांत घराच्या भिंतीतून बाहेर काढलेलं असतं. भिंत गेली की नळा तसाच लोंबतो आणि वाफ पसरते. त्याच टाकीतून जनरेटरलाही एक नळी जाते. ती टाकीच्या तळापर्यंत नेत नाहीत, पाव टाकी उरली की जनरेटर आपोआप बंद पडतो. रात्रभर एसी चालवून सकाळी रानात अडकून पडायला नको, म्हणून. सबंध घरात एवढी एकच गोष्ट मला शहाण्या माणसाने केलेली वाटली.

माझं बालपण कोल्हापूरजवळ काकांच्या शेडमध्ये गेलं. ट्रकवर हौदे बांधायचं काम. तिथे नवी कोरी चॅसी यायची, पुढे नुसतं इंजिन आणि लाकडी खोक्यावर बसलेला, तोंडाला फडकं बांधलेला ड्रायव्हर. आम्ही तिच्यावर चढवायचो. उतरवायचं काम मी इथे येऊन शिकलो, आणि त्यातली अडचण वेगळी आहे. आपल्या आधी कोणी काय काय जोडलंय ते ओळखावं लागतं. फोर्डची चॅसी मागच्या चाकांच्या मागे थोडीशीच जाते. घर बांधणाऱ्या कंपनीने तिला मागे पाच फूट चॅनल वेल्ड करून शेपूट लावलं होतं, वर एकसारखा रंग मारून. सांधा सापडला तो वायरब्रश मारल्यावर. वेल्डिंगची रांग मधेच सुटलेली, एका बाजूला दोन सूत फट.

ते शेपूट ठेवायचा मोह मला झाला, कबूल करतो. आयतं पाच फूट लोखंड, सतरा फुटी हौदा झाला असता. पण चाकांच्या एवढ्या मागे माल पडला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात नुसतं शोभेला उरतं. कापलं. बारा फुटांचा हौदा ठरवला: अॅक्सलच्या पुढे साधारण आठ फूट, मागे चार.

मग गाडी काट्यावर नेली. घरासकट ९,३८० पौंड भरली होती, आता ५,०६०. कंपनीच्या पट्टीवरची मर्यादा ११,०००. म्हणजे बिचारी आयुष्यभर जवळपास दोन टनांचं घर पाठीवर घेऊन उभी होती, चालली फार थोडी. ओझं उतरल्यावर मागचे पाटे साडेतीन इंच वर आले. काट्यावरून परत येताना प्रत्येक खड्ड्यात तिने मला छताला नेऊन आपटलं. एक पाटा काढून टाक, असं मित्र म्हणाला. मी नाही काढला.

छत म्हणालो खरं, पण छत होतं कुठे? या केबिनला मागची भिंत नसतेच, आणि टपाचाही मागचा भाग घरात जा-ये करायला कापलेला असतो. पत्रा वाकवून, टाके मारत मारत, ताण येऊ न देता ते भोक बुजवण्यात माझे चार रविवार गेले. हौद्याचा सांगाडा त्याच्या निम्म्या वेळात झाला.

सांगाड्याचं शिक्षण जुनंच होतं. चॅसीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, वेल्ड लावायचा नाही. बोल्ट मारायचाच तर उभ्या पोटात. चॅसी आणि हौद्याच्या मधे लाकडाची पट्टी. यू-बोल्ट आवळताना चॅनलच्या पोटात ठोकळा बसवायचा, नाहीतर आवळता आवळता पट्ट्याच वाकतात. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडायच्या, हे तेवढं काकांच्या काळात नव्हतं.

फळ्या आणल्या होम्स काउंटीतल्या एका आमिश गिरणीतून. आमिश लोक स्वतः मोटार बाळगत नाहीत. माझ्या ट्रकचं लाकूड त्यांनी डिझेल इंजिनवरच्या करवतीने कापून दिलं. पांढरा ओक, दोन इंची, ओला. गिरणीवाल्याने बजावलं, खेटून बसव, वाळताना फट तो स्वतःच पाडेल. पहिल्या पावसानंतर प्रत्येक बोल्टभोवती शाईसारखं काळं वर्तुळ उमटलं. ओकातल्या टॅनिनची आणि लोखंडाची गाठ पडली की असंच होतं.

रविवारी काकांना व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. बराच वेळ गप्प बसून ते म्हणाले, "आरं, फाळका कुठाय? माल पडंल की रस्त्यात." मी कडेचे खाचे दाखवले, लागेल तेव्हा खुंट्या ठोकून फळ्या उभ्या करता येतात, असं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

"काका, रंग कसा वाटला?"

"रंगाचं र्‍हाऊ दे. खाली दाव."

फोन धरून पुन्हा गाडीखाली पाठ टेकली. त्यांनी मला पुढून मागे हळूहळू सरकायला लावलं. स्क्रीनवर नुसता त्यांचा कान आणि चष्म्याची काडी दिसत होती.

"एका अंगाला तीनच यू-बोल्ट?"

"बारा फुटांना पुरेत, काका."

"चार मार."

पुढच्या रविवारी दोन यू-बोल्ट आणि दोन ठोकळे घेऊन मी परत खाली शिरलो.